पॉलिस: सभेच्या आधी वापरावं, सभेऐवजी नाही

छोट्या गावातली जाहीर सभा ज्यांनी चालवली आहे, त्यांना माईक कुणाच्या हातात जातो आणि किती वेळ तिथेच राहतो हे ठाऊक असतं. ठरावीक चार-पाच जण बोलतात. पहिला वक्ता जो सूर लावेल त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बाकीचे बोलतात. मागच्या खुर्च्यांवरची माणसं ऐकून घरी जातात, कारण ज्याच्या विरोधात बोलायचं तो उद्या सकाळी रस्त्यात भेटणार असतो. सभा घेणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. या मागच्या खुर्च्यांसाठी काही हाती लागावं म्हणून मी पॉलिस, म्हणजे पोल डॉट आयएस हे संकेतस्थळ वापरायला घेतलं.

वापर अगदी सोपा आहे. पडद्यावर एक विधान येतं. त्यावर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच निवडता येतं. स्वतःचं काही म्हणणं असेल तर ते १४० अक्षरांत नवं विधान म्हणून टाकायचं, मग इतर लोक त्यावर मत देतात. कुणाला उत्तर देण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. माझ्या मते या साधनाचं खरं बळ यातच आहे. भांडायला समोर माणूसच नसला की लोक विधानाकडे बघतात, ते कुणी लिहिलं याकडे नाही.

सगळ्या मतांचा तक्ता करून, सारखी मतं देणाऱ्यांचे गट हे साधन स्वतः पाडतं. वय, पक्ष, वस्ती काहीच विचारत नाही. शेवटी अहवालात गटांमध्ये फूट कशावर आहे हे दिसतं. एरवी न पटणाऱ्या गटांनाही कोणती विधानं सारखीच मान्य आहेत, तेही दिसतं. ही दुसरी यादी वाचताना मला दर वेळी नव्याने हुरूप येतो.

मैदानाच्या प्रश्नावर आम्ही चर्चा लावली होती. मैदान कार्यक्रमांना द्यावं की खेळासाठी राखावं, यावरून सरळ दोन तट होते. ते तट अहवालातही उतरले. पण कार्यक्रमांचं वर्षभराचं वेळापत्रक आधी जाहीर करावं आणि मांडवाचे खड्डे बुजवून मैदान परत देण्याची जबाबदारी आयोजकांवर असावी, ही दोन विधानं दोन्ही तटांना मान्य निघाली. दुसरं विधान तर मैदान कार्यक्रमांना देण्याच्या बाजूच्या गटातही जोरात चाललं. ध्वनिवर्धकाच्या वेळेवर मात्र एकमत नव्हतं. त्यामुळे सभेत पहिले दोन मुद्दे झटपट मंजूर झाले आणि उरलेला सगळा वेळ ध्वनिवर्धकाला देता आला. सभेचा वेळ खऱ्या मतभेदावर खर्च झाला, याचं मला फार समाधान आहे.

मोठ्या पातळीवरची उदाहरणंही आहेत. तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या नियमनावर पॉलिस वापरून चर्चा झाली. उबर हवी आणि नको म्हणणारे दोन्ही गट प्रवाशांची सुरक्षितता आणि विम्याच्या मुद्द्यांवर जवळ आले. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन या शहराचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे रोजचे स्थानिक प्रश्नच चर्चेला होते. २०१८ मध्ये तिथे सुमारे २,००० लोकांनी भाग घेतला. २०२५ मध्ये पुढच्या २५ वर्षांच्या नियोजनासाठी पुन्हा चर्चा लावली, तेव्हा ही संख्या ८,०००च्या आसपास गेली आणि मतं १० लाखांवर पडली.

आता अडचणी. चर्चेची सुरुवात आयोजकाने टाकलेल्या विधानांनी होते, आणि तिथेच पारडं झुकू शकतं. ‘कार्यक्रम कमी करा आणि वाहनतळ वाढवा’ असं जोडविधान टाकलं तर मत नेमकं कशावर पडलं हे कळत नाही. एका विधानात एकच गोष्ट हवी. सुरुवातीची विधानं दोन्ही तटांच्या माणसांनी एकत्र बसून लिहावीत. आलेली विधानं तपासून प्रसिद्ध करण्याची सोय आहे, तीही एकट्याकडे देऊ नये.

निनावीपणाचा प्रश्न छोट्या गावात वेगळा असतो. नाव दिसत नसलं तरी वाक्याच्या धाटणीवरून लोक माणूस ओळखतात. मी लोकांना सुचवतो की स्वतःच्या घराचा, गल्लीचा उल्लेख टाळून विधान लिहा. लिहायचंच नसेल तर नुसती मतं द्या, गट तेवढ्यावरही नीट पडतात.

अहवालातली टक्केवारी म्हणजे गावाचं मत नव्हे, हे मी प्रत्येक सभेच्या सुरुवातीला सांगतो. जे आपणहून आले त्यांचं ते मत. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा वाचायला त्रास होतो, ती माणसं यात येत नाहीत. त्यांच्याकडे कार्यकर्ते पाठवून, विधानं वाचून दाखवून मतं घेतली तरच चित्र थोडं पुरं होतं. आणि भाग घेणारे मोजकेच असतील तर पडलेल्या गटांवर फार विसंबू नये. थोडी मतं इकडची तिकडे झाली की गट बदलतात.

साधन मोफत आहे आणि त्याची आज्ञावली खुली आहे, त्यामुळे कुणालाही करून बघता येईल. सभा घेणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावं असं मला मनापासून वाटतं. फक्त त्याआधी निर्णय घेणाऱ्यांकडून लेखी घ्यावं: दोन्ही गटांना मान्य झालेली विधानं कोणत्या बैठकीत मांडणार आणि उत्तर कधी देणार. एवढं लिहून द्यायला जिथे कुणी तयार नसतं, तिथे मी चर्चा लावत नाही. लोकांनी वेळ काढून, विचार करून दिलेली मतं कपाटात पडू द्यायला माझी तयारी नाही.