संहितेआधी खेळ: शेक्सपिअरच्या सुखात्मिकेवरील नाट्यकार्यशाळेचे परीक्षण

पाचवीच्या मुलांसाठी आम्ही एका नाट्यसंस्थेची चार सत्रांची कार्यशाळा घेतली. विषय होता ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेले हे पाच अंकी नाटक मुलांना झेपेल का, अशी मला शंका होती. पहिल्याच सत्रात ती फिटली.

मार्गदर्शिकेने संहिता कोणाच्याही हाती दिली नाही. चार मुलांना चार रंगांचे रुमाल बांधून कोणी कोणाच्या मागे चालायचे, एवढेच तिने ठरवून दिले. नाटकातल्या चार प्रेमिकांप्रमाणे लायसँडर आणि डिमिट्रियस हर्मियाच्या मागे, हेलेना डिमिट्रियसच्या मागे. अथेन्सचा पोशाख पाहून फसलेल्या पक या पऱ्यांच्या खोडकर साथीदाराने भलत्याच तरुणाच्या डोळ्यांत प्रेमात पाडणाऱ्या फुलाचा रस पिळला, पुढे डिमिट्रियसच्याही डोळ्यांत तो पडला आणि दोघेही एकदम हेलेनाकडे वळले, तेव्हा वाचताना मोठ्यांनाही चकवणारी ही गुंतागुंत मुलांना चालता चालता कळली. त्यानंतर हेलेना झालेल्या मुलीला मध्ये बसवून बाकीच्यांनी प्रश्न विचारले. ‘आता दोघेही तुझ्यावर प्रेम करतात, मग तू रडतेस का?’ या प्रश्नावर ती म्हणाली, ‘सगळे मिळून माझी थट्टा करतायत.’ मूळ नाटकातल्या हेलेनालाही नेमके हेच वाटते, आणि हे त्या मुलीला कोणीही सांगितलेले नव्हते.

तिसरे सत्र या नाटकातले कारागीर जे नाटक बसवतात, त्याचे होते आणि माझ्या मते तेच सर्वांत सरस ठरले. पाठांतर जमत नाही म्हणून आपला भाग आधीच लिहून मागणाऱ्या स्नगला सिंहाची भूमिका मिळते, कारण सिंहाला फक्त गर्जना करायची असते. वर्गात कधीही मोठ्याने न वाचणाऱ्या एका मुलाने ती भूमिका स्वतःहून मागून घेतली.

उणीव भाषेच्या बाजूला राहिली. मूळ नाटकात प्रेमिक पद्यात बोलतात, कारागीर बहुतांशी गद्यात, तर पऱ्यांच्या तोंडी अनेकदा आखूड, ठेक्यातल्या ओळी येतात. हा फरक टाळ्यांच्या तालावर सहज ऐकवता आला असता, पण सगळी पात्रे एकाच सपाट बोलीत बोलली. शिवाय चाळीस मुलांमागे एकच मार्गदर्शिका असल्याने मागच्या रांगेतल्यांना पहिली दोन सत्रे केवळ झाडे होऊन उभे राहावे लागले. वर्गाचे दोन गट करता येणार असतील, तर इतर शिक्षकांनी ही कार्यशाळा अवश्य घ्यावी.

शेवटच्या सत्रात त्या मुलाने आधी गर्जना केली आणि मग, कोणी घाबरू नये म्हणून, आपण खरा सिंह नसल्याचे सर्वांसमोर स्पष्ट शब्दांत सांगितले.