पी-२५ टायटॅनियम डायऑक्साइड: पाण्यातले प्रतिजैविक मोडण्यासाठी घ्यावे का?

हैदराबादजवळच्या पटानचेरूत औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सापडल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतके नसते. जिवाणूंच्या जोरावर चालणाऱ्या टाकीने जिवाणू मारणारे औषध पूर्ण पचवावे, ही अपेक्षाच अवघड. म्हणून प्रकाश पडला की औषध तोडणाऱ्या उत्प्रेरकाकडे वळावे लागते, आणि पहिली खरेदी बहुधा एव्हॉनिकच्या (जुन्या शोधनिबंधांत डेगुसाच्या) पी-२५ ची होते.

ही टायटॅनियम टेट्राक्लोराइडपासून ज्योतीत बनवलेली पांढरीशुभ्र भुकटी. अ‍ॅनाटेज आणि रुटाइल ही तिची दोन स्फटिकरूपे अंदाजे ८०:२०, मूळ कण सुमारे २१ नॅनोमीटरचे, ग्रॅममागे साधारण ५० चौरस मीटर पृष्ठभाग. पिठापेक्षा कितीतरी हलकी. किलोभर माल ठोकून बसवला तरी सात लिटर जागा घेतो. डबा उघडताच उडते. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला २बी, म्हणजे ‘कर्करोगकारक असू शकते’ अशा गटात ठेवले आहे, तेव्हा पंखा बंद करून, एन-९५ मास्क लावूनच वजन करावे.

चाचणीसाठी २५० मिलिलिटर पाण्यात १२५ मिलिग्रॅम पुरते, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. एक ग्रॅमच्या वर गेले की पाणी दुधासारखे होते, प्रकाश वरच्या थरातच अडतो आणि जास्तीची भुकटी नुसती फिरत राहते. औषध लिटरला १० मिलिग्रॅम ठेवावे. शुद्ध सिप्रोफ्लॉक्सॅसिन उदासीन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून हायड्रोक्लोराइड क्षार वापरणे सोयीचे. पण तो मोनोहायड्रेट (रेणूमागे पाण्याचा एक रेणू धरलेला) असेल तर १० च्या जागी ११.६ मिलिग्रॅम घ्यावे लागते. हा हिशोब चुकला की पुढचे सगळे आकडे चुकतात.

दिवा लावण्याआधी अंधारात ३० मिनिटे ढवळणे टाळू नये. या वेळात औषधाचा काही भाग कणांना नुसता चिकटतो. ही घट मोडतोड म्हणून मोजली की उत्प्रेरक आहे त्यापेक्षा हुशार दिसतो. शून्य मिनिटाचा नमुना अंधार संपल्यावरचा. मग ३६५ नॅनोमीटरचा एलईडी, चालू ढवळणी आणि हवेचा बारीक बुडबुडा. प्रकाशाने भुकटीतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहतात; ऑक्सिजन कमी पडला तर ते परत पोकळ्यांत जाऊन बसतात आणि वेग पडतो. शेजारी भुकटी न घातलेले भांडेही त्याच दिव्याखाली हवेच, कारण सिप्रोफ्लॉक्सॅसिन प्रकाशाने आपणहूनही थोडे तुटते. नमुने गाळताना पहिले दोन-तीन मिलिलिटर टाकून द्यावेत, गाळणीचा पडदाही औषध धरतो.

या भुकटीबद्दलची सर्वांत मोठी गैरसमजूत मोजणीतूनच येते. २७७ नॅनोमीटरवर शोषण उतरले म्हणजे औषध संपले, असे नाही, कारण तुटलेले तुकडेही तिथेच प्रकाश शोषतात. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी एचपीएलसी लागतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रकाशात भुकटीवर तयार होणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल हा जहाल कण बऱ्याचदा औषधाच्या रेणूतल्या पायपराझिन कडीवर आधी हल्ला करतो. जिवाणूंवर काम करणारा क्विनोलोन गाभा तोवर शाबूत असतो. एचपीएलसीवर मूळ शिखर गेलेले आणि ई. कोलाय जिवाणूंच्या थाळीवर मात्र जिवाणू मेल्याचे स्वच्छ वर्तुळ उमटलेले, असे होऊ शकते. थाळीची चाचणी आणि टीओसी (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनची मोजणी) यांच्याशिवाय ‘पाणी सुरक्षित झाले’ असे लिहू नये.

आता खऱ्या सांडपाण्याचे. ऊर्ध्वपातित पाण्यात झपाट्याने चालणारी पी-२५ इथे रेंगाळते. बायकार्बोनेट आणि इतर सेंद्रिय पदार्थ रॅडिकल आधीच खाऊन टाकतात, गढूळपणा प्रकाश अडवतो, फॉस्फेट कणांच्या पृष्ठभागावर जागा अडवून बसते. (याच कारणाने चाचणीत फॉस्फेट बफर घालू नये.) त्यामुळे कच्च्या सांडपाण्यात टाकण्याची ही वस्तूच नव्हे, जैविक टाकी आणि वाळूच्या गाळणीनंतर, शेवटच्या टप्प्यालाच तिचा विचार करावा. उन्हावर चालते हे खरे, पण साधारण ४०० नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश तिच्या कामाचा, आणि उन्हात तो जेमतेम ४ ते ५ टक्के.

भुकटी परत मिळवणे ही खरी डोकेदुखी. सामू ६ ते ६.५ च्या आसपास आणला की कणांवरचा विद्युतभार जवळजवळ शून्यावर येतो, ते एकमेकांना चिकटतात आणि रात्रभरात बराचसा गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी तरीही धुरकट राहते. त्याला पडदा-गाळणीच लागते आणि खर्च तिथेच वाढतो. काचेवर लेप दिला तर गाळण्याचा प्रश्न मिटतो, पण औषधाला लेपापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि वेग बराच घटतो.

एकूण मत असे: नवा उत्प्रेरक बनवणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत तुलनेसाठी पी-२५ असायलाच हवी, त्या कामात ती अव्वल. कारखान्याच्या नाल्यासाठी घेत असाल तर घेऊ नका. तिथे ओझोन किंवा सक्रिय कोळसा आधी तपासा. फेंटन (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया) स्वस्त पडते, पण सामू ३ पर्यंत उतरवावा लागतो आणि लोहाचा गाळ उरतो.

वापरलेली भुकटी पिवळसर दिसू लागली की धुऊन, १०० अंशांवर वाळवून, ४०० ते ४५० अंशांवर दोन तास भाजावी. भट्टी ६०० च्या पुढे नेऊ नये, अ‍ॅनाटेज रुटाइलमध्ये बदलू लागते आणि पृष्ठभागही घटतो. प्रत्येक फेरीत थोडी भुकटी गाळणीत जातेच, म्हणून पुढच्या वेळी वजन करून कमी पडेल तेवढी नवी मिसळावी.