थंड हवेचा थर मोजणारा ड्रोन: निफाडच्या एका द्राक्ष हंगामानंतरचा अनुभव

ऑक्टोबर छाटणीपासून ते फेब्रुवारीतल्या काढणीपर्यंत आम्ही हवामान मोजणारा चार पंखांचा एक ड्रोन निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांवर वापरला. आम्ही म्हणजे नाशिकच्या एका महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा शिक्षक, त्याचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि पहाटे गेट उघडून देणारे काही बागायतदार. असं यंत्र घ्यावं का, असं कृषी महाविद्यालयांतून आणि शेतकरी गटांतून बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

यंत्राचं वजन दोन किलोच्या आत आहे, म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ते मायक्रो गटात येतं. उड्डाणाचा मेंदू आर्डूपायलट या खुल्या प्रणालीवर चालतो. तापमान आणि आर्द्रतेसाठी एसएचटी८५ जातीचा सेन्सर आहे, आणि झटकन बदलणारं तापमान पकडायला मण्याएवढा बारीक थर्मिस्टर. हवेचा दाब बॅरोमीटर मोजतो आणि त्यावरून उंची निघते. वाऱ्यासाठी वेगळं उपकरण नाही. जागेवर टिकून राहण्यासाठी ड्रोनला वाऱ्याच्या दिशेने किती झुकावं लागतं, त्या कोनावरून वाऱ्याचा अंदाज काढायचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा यंत्रात उडणारा भाग आता सोपा झाला आहे. सगळी किंमत आहे ती सेन्सरला श्वास कसा मिळतो याची. ते जमलं तर हा ड्रोन अनमोल आहे. ते जमलं नाही, तर तो स्वतःच्याच मोटारींची ऊब मोजून देतो.

हे मोजायचं कशासाठी? हिवाळ्यात आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि तळाशी बसते. वर जावं तसं गार होण्याऐवजी उबदार होत जातं. यालाच तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. निफाडचा पारा महाराष्ट्रात सर्वात खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यामागे हीच गोष्ट असते. द्राक्षाला त्याचा थेट फटका बसतो. मण्यांची फुगवण थांबते, तयार माल तडकतो, दव रेंगाळलं की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती. म्हणून शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. पण गार हवेचा थर किती जाड आहे, वरची ऊब कुठून सुरू होते, हे जमिनीवरच्या थर्मामीटरला कळत नाही. वर जाता जाता तापमान मोजणारे हवामान फुगे सुटतात ते आमच्यापासून दूर. शिवाय फुगा साधारण सेकंदाला पाच मीटर वेगाने वर जातो. पहिले शंभर मीटर त्याने वीस सेकंदांत ओलांडलेले असतात, आणि आमची सगळी बाग त्या शंभर मीटरच्या तळाशी असते.

या थराचा खरा अभ्यास झाला तो आर्क्टिकमध्ये. तिथे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, त्यामुळे बर्फावरचं व्युत्क्रमण एका रात्रीचं न राहता दिवसचे दिवस टिकतं. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं आहे, आणि हवामानाच्या संगणकीय प्रारूपांना नेमका हाच स्थिर, पातळ थर नीट पकडता येत नाही. म्हणून संशोधक ड्रोन घेऊन तिथे आणि त्याच्या सीमेजवळच्या थंड प्रदेशात गेले. २०१७ आणि २०१८ च्या फेब्रुवारीत फिनलंडमधल्या हाइलुओटो बेटाजवळ, गोठलेल्या समुद्रावर, आयसोबार प्रकल्पाची उड्डाणं झाली. २०१९-२० मध्ये पोलारस्टर्न हे जहाज बर्फात अडकवून घेऊन मोझाइक मोहीम वर्षभर वाहत राहिली. तिथे कोलोरॅडो विद्यापीठाच्या चमूने डेटाहॉक नावाची छोटी विमानं उडवली. आपलं हिमाद्री संशोधन केंद्रही २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंडला आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ हिवाळ्यातही तिथे जाऊ लागले आहेत. या लोकांनी उणे वीस-तीस अंशांत जे शिकून ठेवलं, त्यातलं बरंचसं निफाडच्या सहा-सात अंशांत जसंच्या तसं उपयोगी पडलं. म्हणूनच हा अनुभव लिहावासा वाटला.

सर्वात आधी सेन्सरची जागा. आमच्याकडे यंत्र आलं तेव्हा विक्रेत्याने सेन्सर ड्रोनच्या पोटाखाली, बॅटरीच्या बाजूला बसवून दिला होता. दिसायला सुबक, मोजायला निरुपयोगी. बॅटरी आणि मोटारींची उष्णता तिथे साचते, आणि सूर्य वर आला की काळा कार्बनचा सांगाडा तापतो तो वेगळाच. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या कॉप्टरसोंड या ड्रोनची रचना आम्ही अभ्यासली. त्यात सेन्सर पुढच्या बाजूला एका नळीत असतात, छोटा पंखा त्यांच्यावरून सतत हवा ओढतो, आणि ड्रोन आपणहून तोंड वाऱ्याकडे वळवतो, म्हणजे पंख्यांनी ढवळलेली हवा मागे राहते. आम्ही पांढऱ्या प्लास्टिकची तशीच नळी थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतली, आत संगणकातला छोटा पंखा बसवला, आणि आर्डूपायलटमध्ये वाऱ्याकडे तोंड ठेवण्याची सोय चालू केली. जागेवर घिरट्या घालताना आकडे जे वरखाली व्हायचे ते शांत झाले. नवीन घेणाऱ्याने बाकी काही विचारलं नाही तरी चालेल, पण सेन्सरवरून हवा कशी वाहते हे विक्रेत्याला विचारावंच.

मग चढण्याचा वेग. कोणताही सेन्सर नव्या तापमानाला पोचायला काही सेकंद घेतो, आर्द्रतेचा तर जास्तच. वेगाने वर गेलात तर प्रत्येक आकडा खालच्या हवेचा असतो आणि उंची वरची लागते. आम्ही सेकंदाला एक मीटरवर स्थिरावलो. उतरतानाचे आकडे विश्लेषणात घेत नाही, कारण उतरता ड्रोन स्वतःच खाली ढकललेल्या हवेत शिरत असतो. चढता आणि उतरता आलेख एकमेकांवर ठेवून पाहा, फरक डोळ्यांना दिसतो. विद्यार्थ्यांना सेन्सरचा मंदपणा समजावून सांगायला यापेक्षा चांगला प्रयोग मला तरी सापडलेला नाही.

बॅटरीबद्दल मला वाटलं होतं की आपल्याकडच्या थंडीत काही त्रास नाही. वस्तुस्थिती अशी की लिथियम पॉलिमरचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, आणि रात्रभर जीपमध्ये राहिलेली बॅटरी पहाटे लावली की चढताना व्होल्टेज एकदम खाली येतं. आर्क्टिकमधले लोक बॅटऱ्या गरम पेटीत ठेवतात आणि उड्डाणाच्या क्षणी बाहेर काढतात. आम्ही थर्मोकोलच्या खोक्यात गरम पाण्याची पिशवी ठेवतो, टॉवेलात गुंडाळून. तेवढ्यावर उड्डाणाचा वेळ उन्हाळ्यातल्याइतका टिकतो. फुगलेली बॅटरी मात्र पुन्हा लावायची नाही, कितीही नवी असली तरी.

धुक्याने आम्हाला सर्वात जास्त शिकवलं. आर्क्टिकच्या ढगांत पाणी शून्याच्या खालीही द्रवच राहतं, ते पंख्याच्या पात्यांवर आदळलं की गोठतं, काही मिनिटांत पाती खडबडीत होतात, उचल कमी होते, थरथर वाढते. ते संकट आपल्याकडे नाही. पण गोदाकाठच्या दाट धुक्यातून ड्रोन वर कोरड्या हवेत आला की ओला झालेला सेन्सर बाष्पीभवनाने गार होतो, आणि नेमकं जिथे तापमान वाढायला हवं तिथे आलेखात खोटी घसरण दिसते. ती पाहून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, वर आणखी एक गार थर आहे." तिला म्हटलं, त्याच उंचीवर दोन मिनिटं थांबव. आकडे हळूहळू चढले आणि थर नाहीसा झाला. तेव्हापासून धुक्याच्या माथ्यावर थांबणं हा आमच्या उड्डाणाचा भागच झाला आहे.

आता हाती काय लागलं ते. कादवेकाठची एक बाग आणि तिथून जवळच माळावरची दुसरी, अशा दोन ठिकाणी आम्ही एकाच पहाटे उड्डाणं करत असू. नदीकाठी जास्त गारठतं हे तिथल्या कुठल्याही जुन्या माणसाला माहीत आहे. गार हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. ड्रोनने दाखवली ती या साचलेल्या हवेची खोली. शांत पहाटे काठावरच्या बागेत मांडवाखाली बोटं बधिर होत असताना तिच्याच माथ्यावर चाळीस-पन्नास मीटरवर हवा तीन-चार अंशांनी उबदार असे. माळावरच्या बागेत हा फरक बराच कमी, काही दिवशी नावालाच. वारा सुटलेल्या पहाटे दोन्हीकडे काहीच नाही, सगळं ढवळलेलं.

याचा व्यवहारात अर्थ मोठा आहे. परदेशातल्या द्राक्षबागांत उंच खांबावरचे मोठे पंखे किंवा हेलिकॉप्टर वापरून वरची उबदार हवा खाली ढकलतात. हा उपाय वर ऊब असेल तरच चालतो. ज्या पहाटे वरही तेवढंच गार असतं, तेव्हा पंखा फिरवून फक्त डिझेल जळतं. शेकोटीचंही तसंच. गार थर पातळ आणि वर ऊब असेल तर शेकोटीची गरम हवा फार वर न जाता बागेच्या आसपासच फिरते. काठावरच्या बागेचे मालक, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, त्यांनी आलेख पाहिला आणि लगेच विचारलं, "मग मोठा एक जाळ करायचा की बारीक बारीक पुष्कळ?" बारीक आणि पुष्कळ, कारण मोठा जाळ थराला भोक पाडून वर निघून जातो. त्यांनी तसंच केलं.

वेळेचं गणितही सांगतो. सूर्य उगवला की आपल्याकडे हा थर तासा-दोन तासांत खालून वितळत जातो. त्यामुळे उजाडल्यापासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने उड्डाण केलं, तरच तो मोडताना दिसतो. आर्क्टिकवाल्यांना ही घाई नसते. त्यांच्या अडचणी निराळ्या. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्र डळमळतं, आणि वाहत्या हिमखंडावरून उडवलेल्या ड्रोनला 'घरी परत ये' म्हटलं तर घर जागेवरून सरकलेलं असतं. न्यू-ओलेसुंडला तर २ ते ३२ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना बंदी आहे, कारण तिथल्या संवेदनशील अँटेना दूरच्या ताऱ्यांसारख्या स्रोतांचे क्षीण संकेत ऐकत असतात. वायफायसुद्धा चालत नाही. आपला नेहमीचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट तिथे परवानगीशिवाय सुरूही करता येत नाही.

आपल्याकडच्या अडथळ्यांची यादी वेगळी. ओझरचा विमानतळ, देवळालीचा लष्करी भाग, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा प्रत्येक वेळी पाहायचाच. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत मुभा आहे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरच आहे. मायक्रो ड्रोन व्यावसायिक कामासाठी नसेल तर पायलटचा परवाना लागत नाही, नोंदणी क्रमांक मात्र लागतो. नांदूर मधमेश्वरच्या आसपास आम्ही यंत्र बाहेरच काढत नाही. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी असतात, आणि कुठलाही आलेख त्यांना उठवण्याइतका महत्त्वाचा नाही. संक्रांतीच्या आठवड्यात येवल्याकडे तर उड्डाणाचा विचारही नको. मांजा पंख्यात गेला की संपलं. ऊन तापल्यावर घारी जवळ येतात, म्हणून नऊच्या आत आवरतं घ्यायचं.

यंत्राच्या टिकाऊपणावर माझी नाराजी एकाच गोष्टीवर आहे. घडी घालायच्या हातांचे सांधे महिन्याभरात ढिले झाले, थरथर वाढली आणि बॅरोमीटरच्या आकड्यांत गोंधळ दिसू लागला. विक्रेत्याने सुटा भाग पाठवायला इतका वेळ लावला की डिसेंबरचा ऐन गारठा हातचा गेला असता. शेवटी सातपूरच्या एका वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचे बुश वळवून घेतले, आणि ते अजून घट्ट आहेत. मोटारी, जीपीएस, आर्डूपायलट यांनी कधी दगा दिला नाही.

एक मर्यादा घेण्याआधीच समजून घ्या. जमिनीपासून पहिल्या दहाएक मीटरमध्ये या ड्रोनवर विसंबू नका. तिथे थर इतका नाजूक असतो की ड्रोनचे पंखेच तो विस्कटतात. त्यासाठी बांबूवर वेगवेगळ्या उंचीला लावलेले साधे सेन्सर हवेत. आम्ही दोन्ही एकत्र वापरतो, खाली बांबू आणि वर ड्रोन, आणि दोघांचे आकडे जिथे भेटतात तिथे ते जुळतात का हे रोज तपासतो. वाऱ्याचा अंदाजही आधी खांबावरच्या वायुवेगमापकाशेजारी ड्रोन उभा करून जुळवून घ्यावा लागतो. अगदी मंद वाऱ्यात तो फारसा भरवशाचा नाही.

एकट्या शेतकऱ्याने हे घेऊ नये असं मला वाटतं. चांगल्या दुचाकीएवढा खर्च आहे, आणि पहाटे चारला उठून आकडे वाचणारं माणूस लागतं. पण गावचा गट, सोसायटी किंवा महाविद्यालय यांनी मिळून घेतलं तर एका हंगामात तालुक्याच्या कुठल्या खोलगटीत गार हवा किती साचते याचा नकाशा तयार होऊ शकतो. घेतलात तर पहिल्या उड्डाणाआधी सेन्सर तपासा. थर्मिस्टर ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहा. एसएचटी८५ पाण्यात घालू नका, तो मिठाचा दाट ओला लगदा ठेवलेल्या बंद डब्यात लगद्याच्या वर टांगून ठेवा, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवी. आम्ही हे दर महिन्याला करतो, आणि यंदा छाटणीच्या आधी दोन्ही सेन्सर बदलून तिसरं ठिकाण धरणार आहोत, चांदवडच्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथून गार हवा खाली वाहायला सुरुवात करते असा आमचा कयास आहे.