टायमर की चिठ्ठी? डोकं शिणलेलं असताना काम कशाने पुढे सरकतं

कामाचा वीट आलाय, पण काम थांबवणं परवडत नाही, अशा अवस्थेत जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. सुट्टी घ्या, फिरून या, हे सल्ले खोटे नाहीत. पण महिन्याची २० तारीख तोंडावर असताना ते कानावरून जातात.

मी सोलापुरात करसल्लागाराचं काम करतो. नवी पेठेत लहानसं ऑफिस, हाताखाली एक मुलगा, आणि पार्ट्या, म्हणजे आमचे अशील, बहुतेक पूर्व भागातले टॉवेल-चादरीवाले. ११ तारखेला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं विवरण; १४ ला टू-बी तयार होतो, म्हणजे विकणाऱ्यांनी चढवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी; २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं विवरण. ते संपेपर्यंत पुढची ११ आलेलीच असते. वर जुलैत इन्कम टॅक्स आणि सप्टेंबरात ऑडिट. डोकं शिणायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

अशा दिवसांत हात चालता ठेवण्याच्या दोन पद्धती मी पुरेशा वापरल्या आहेत : पंचवीस मिनिटांचा टायमर आणि कागदाची चिठ्ठी. कॅलेंडरमध्ये तासातासाचे कप्पे पाडायचा तिसरा प्रकारही आहे, पण जिथे माणसं न सांगता येतात तिथे तो सकाळी अकरालाच मोडतो. त्याला इथेच रामराम.

टायमर तुम्हाला माहीत असेलच. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. त्याचा खरा गुण असा की सुरुवात करवून घेतो. समोर बँक स्टेटमेंटची चळत आहे, एकेक नोंद टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची आहे आणि हात कीबोर्डकडे जातच नाही, तेव्हा ‘फक्त पंचवीस मिनिटं’ ही लालूच कामी येते. अशा मुकाट करायच्या कामाला मी आजही टायमरच लावतो.

चिठ्ठीचा प्रकार साधा. संध्याकाळी ऑफिस बंद करण्याआधी उद्याची तीन कामं लिहायची. एक जड, दोन हलकी. चौथं लिहायचं नाही, कितीही आठवलं तरी. आणि काम लिहिताना ते कुठे संपतं तेही लिहायचं. नुसतं ‘ऑडिट’ लिहिलं तर सकाळी ती चिठ्ठीच अंगावर येते. ‘फलाण्याच्या खरेदीचा टू-बीशी मेळ, फक्त जून’ असं लिहिलं की निदान कुठून सुरू करायचं ते कळतं.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं झुकलं ती सांगतो. टायमरचा एक नियम बरेच जण सोयीने विसरतात. मध्ये व्यत्यय येऊन काम सुटलं तर ती फेरी बाद. अर्धी फेरी धरायची नाही, शून्यापासून सुरू करायचं.

टू-बीचा मेळ चाललाय. एका बाजूला पार्टीचं खरेदी रजिस्टर, दुसऱ्या बाजूला पोर्टलवरची यादी. फरक कुठला ते शोधत एका सूत व्यापाऱ्यापाशी आलोय. त्याने एकच बिल दोनदा चढवलंय की नंबरात चूक केलीय, ते आता सापडणार. तेवढ्यात दार ढकलून कोणीतरी म्हणतं, ‘‘सर, दोनच मिनिटं.’’ हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तीन महिन्यांची बिलं, त्यातली निम्मी थर्मल कागदाची, अक्षर उडालेली. माणूस जुना, आपल्यापेक्षा वयाने मोठा. त्याला ‘बसा, माझी अकरा मिनिटं उरलीत’ असं सांगायची सोलापुरात तरी पद्धत नाही. चहा येतो. टायमर तिकडे कधीच वाजून गेलेला असतो. फेरी बाद.

पुन्हा लावतो. मग बँकेतून फोन, मग मुलगा विचारतो ओटीपी कोणाचा आला. दुपारचे दीड वाजतात आणि पूर्ण झालेल्या फेऱ्या किती, तर एकही नाही. खरं तर सकाळपासून काम झालेलं असतं. फरक निम्मा सापडलेला असतो, पिशवीवाल्याचा प्रश्न सुटलेला असतो. पण हिशेबात शून्य.

ताज्यातवान्या माणसाला ते शून्य चालून जातं. शिणलेल्याला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या दिली त्यात तीन खुणा आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. टायमरचं शून्य नेमकं त्या तिसऱ्या खुणेवर बोट ठेवतं. जे मनाला आधीच वाटतंय त्याला रोज दुपारी पुरावा मिळतो. टायमरची ही पद्धत १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने काढली, तीही स्वतःच्या अभ्यासासाठी. पुस्तक, टेबल आणि तो. पिशवी घेऊन त्याच्या दारात कोण येणार होतं?

चिठ्ठीला व्यत्ययाचं सोयरसुतक नाही. माणूस आला, गेला, ओळ तिथेच असते. तीन वेळा उठून चार वेळा बसलात तरी संध्याकाळी ती खोडता येते.

आणखी एक, कदाचित फक्त आम्हा सोलापूरकरांना पटेल असं. इथे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि येतं ते आपल्या झोपेची वेळ बघून येत नाही. रात्री उठून टाकी भरली असेल तर दुसऱ्या दिवशीचा माणूस निम्माच असतो. टायमरला ते कळत नाही, त्याची पंचवीस मिनिटं पंचवीसच. पाण्याची पाळी असली की मी चिठ्ठीवर जड काम लिहीतच नाही. एप्रिल-मे मधल्या चाळिशीपारच्या दुपारींनाही हाच न्याय.

चिठ्ठीत खोट नाही असं नाही. जड काम रोज पुढे ढकललं जातं आणि चिठ्ठी हूं की चूं करत नाही. तेच काम तिसऱ्या दिवशीही पुन्हा लिहावं लागलं, तर मी त्याचे दोन तुकडे करतो किंवा पार्टीला सरळ फोन लावून तारीख मागतो. शिवाय ज्यांना काम वरून येतं, एमआयडीसीतले सुपरवायझर म्हणा की बँकेतले लोक, त्यांच्या हाती ‘चौथं लिहायचं नाही’ हे नसतं. त्यांनी निदान पहिली ओळ तरी आपल्या मर्जीची ठेवावी.

तेव्हा दार बंद करता येत असेल, काम एकसुरी असेल, अभ्यासिकेत बसून परीक्षेची तयारी चालली असेल, तर टायमर घ्या, मी अडवणार नाही. फक्त तो फोनवर लावू नका. टायमर बघायला फोन उचलला की व्हॉट्सअॅप आलंच. किचन टायमर मिळतो, तो बरा. पण दिवसभर माणसांत बसून काम करायचं असेल, तर माझ्या मते चिठ्ठीच. आणि झोप उडाली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल आणि असं आठवडे लोटले असतील, तर या दोन्हींचा तिथे उपयोग नाही. डॉक्टरांना भेटा किंवा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

चिठ्ठीसाठी नवी डायरी मात्र आणू नका. डायरीत पान मोठं असतं, आणि रिकाम्या ओळी दिसल्या की चौथं काम लिहिलं जातंच. मी कर भरल्याच्या जुन्या चलनाच्या कागदाची पाठकोरी बाजू चार तुकडे करून वापरतो. तीन ओळी लिहिल्या की जागा संपते.