७० टक्क्यांची फिल्म आणि ५०० रुपयांचे चलान: उन्हाळा-पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

गाडीच्या बाजूच्या चारही काचांना मी थंडी सरता सरता ‘७० टक्के’ या नावाने विकली जाणारी सिरॅमिक फिल्म, म्हणजे ऊन अडवणारा प्लॅस्टिकचा पातळ थर, बसवून घेतली. विदर्भातला अख्खा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा तिने काढला आहे. गेल्या आठवड्यात चौकात चलान झाले नसते, तर हा अभिप्राय बहुधा लिहिलाही गेला नसता, कारण खुद्द फिल्मबद्दल माझी तक्रार फारशी नाही. तक्रार आहे ती मोजमापाबद्दल, आणि ती जरा लांबणार आहे.

आधी वस्तूविषयी. उन्हात उभी केलेली गाडी फिल्ममुळे थंड राहते, हा दुकानातला दावा सोडून द्यावा, ती तापतेच. फरक जाणवतो तो गाडी चालवताना. उजव्या दंडाला आणि मानेला बसणारा चटका स्पष्टपणे कमी होतो आणि एसीचा पंखा लवकर खाली आणता येतो. दुकानात दिव्यापुढे नमुन्याची काच धरून ‘हात लावून बघा’ म्हणतात, तेव्हा त्या दिव्याची उष्णता मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांची असते. सूर्याच्या उष्णतेत मात्र दृश्य प्रकाशाचाही मोठा वाटा असतो, आणि जी फिल्म ७० टक्के प्रकाश आत सोडते ती हा वाटा फारसा अडवू शकत नाही. रात्री आणि पावसात बाजूचे आरसे पूर्वीसारखेच दिसतात. एवढ्यावर मी समाधानी आहे.

आता आकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. फिल्मच्या खोक्यावर छापलेला ७० हा आकडा मात्र फिल्मचा असतो, काचेसकट फिल्मचा नव्हे. कंपनीची काच स्वतःच थोडा प्रकाश अडवते, आणि या दोन टक्केवारींची बेरीज-वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. काच ७८ टक्क्यांची धरली तर वर ७० ची फिल्म लागल्यावर साडेचोपन्नच्या आसपास उरतात. दुकानदाराच्या प्रकाश मोजण्याच्या मीटरनेही साधारण तेच दाखवले. म्हणजे ‘७०’ ची फिल्म बाजूच्या काचांवर नियमात जेमतेम बसते, आणि ‘५०’ ची लावली तर नियम उघडच मोडतो. पुढची काच ७५ टक्क्यांची असेल, तर ९० ची फिल्मसुद्धा तिला ७० च्या खाली आणते. ‘समोर पण टाकून देऊ, कोणी विचारत नाही’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराला हा गुणाकार करून दाखवावा. मी दाखवला, त्याने विषय बदलला.

चलान झाले त्या दिवशी हवालदारांनी काच अर्धी खाली घ्यायला लावली आणि तिच्या वरच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले. काठापाशी फिल्म संपते तिथे नखाला बारीकशी पायरी लागते. “फिल्म आहे ना साहेब? मग झालं.” मी ५० टक्क्यांचा नियम सांगू लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे ई-चलानाचे यंत्र वर करून बाहेरून फोटो काढला. भर दुपारी, उन्हातून गाडीच्या सावलीत काढलेल्या फोटोत कोणतीही काच काळीच दिसते. खात्री करण्यासाठी मी नंतर शेजाऱ्यांच्या बिनफिल्मच्या गाडीचा तसाच फोटो काढला. त्यात आतली सीटसुद्धा ओळखू येत नाही. पुरावा म्हणून ई-चलानाला जोडलेला फोटो या प्रतीचा आहे.

त्या दिवशी मला हवालदारांचा राग आला होता. तो पुढे बराच निवळला. सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेला निकाल वाचल्यावर लक्षात येते की, ४ मे २०१२ पासून कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म काचेवर चिकटवण्यास मनाई झाली आणि ती जागेवर काढून टाकण्याचा अधिकारही पोलिसांना मिळाला. सवलत राहिली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षेच्या गाड्यांना. नियमातली टक्केवारी कारखान्यातून येणाऱ्या काचेची आहे, नंतर चिकटवलेल्या थराची नाही, असा तो अर्थ होता. परिणामी कंपनीने बनवलेली ५० टक्क्यांची काच कायदेशीर, आणि तेवढाच प्रकाश सोडणारी फिल्म लावलेली काच बेकायदा.

परंतु नियम तिथेच थांबलेला नाही. २०२० च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये ‘सेफ्टी ग्लास’बरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ही आले, आणि त्यासाठीच्या २०१९ च्या भारतीय मानकात आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही बसते. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले की, ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येत नाही. हा निकाल आपल्याकडच्या पोलिसांवर बंधनकारक नाही, हे मान्य; पण दुरुस्त नियम तर साऱ्या देशाला सारखाच आहे. तेव्हा हाती मीटर नसलेल्या हवालदारांनी करावे तरी काय? नखाला फिल्म आहे की नाही एवढेच कळते, टक्केवारी कळत नाही. फिल्म विकणाऱ्या दुकानाला जे यंत्र परवडते, ते नाक्यावर का नसावे, हा प्रश्न मी चलानाविरुद्धच्या ऑनलाइन तक्रारीत शेजाऱ्यांच्या गाडीचा फोटो जोडून विचारला आहे. पहिल्या वेळचा दंड ५०० रुपये आहे आणि पुढच्या वेळी १,५००, त्यामुळे गप्प भरून मोकळे होण्याचा हिशेब मला पटत नाही.

बसवून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. माझ्या बिलावर नुसते ‘फिल्म, ४ नग’ असे होते. टक्केवारी आणि मानकाचा क्रमांक लिहून घेण्यासाठी मला दुकानात पुन्हा हेलपाटा पडला. आणि वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले आहे की, पोलिसांनी काढायला लावलेली फिल्म वॉरंटीत बसत नाही. विकताना ‘आरटीओ ॲप्रूव्हड’ म्हणायचे आणि कार्डावर हे छापायचे, याला धाडस लागते.

ज्यांची गाडी बहुतेक वेळ उभीच असते, त्यांनी फिल्मच्या फंदात पडू नये. त्यांचा बराचसा ताप पुढच्या काचेतून येतो, आणि तिथे गाडी उभी असताना आतून लावायचा काही शे रुपयांचा चकाकता सनशेड डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगसाठी माझ्या पाच आकडी बिलापेक्षा जास्त काम करतो. मी तोही घेतला आहे.