वर्तकनगरचा काळोखा हॉल आणि पिवळीधमक भिंत

समोरची चार मजली इमारत पाडून टॉवर उभा राहिला आणि ठाण्यात वर्तकनगरला आमच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सकाळी दहालाही ट्यूब लावायची वेळ आली. सासूबाई दिवसभर त्याच खोलीत असतात. त्यांच्यासाठी म्हणून दिवाळीआधी खिडकीसमोरची एक भिंत, अकरा फूट बाय नऊ फूट, पिवळी करून घेतली. बाकी तिन्ही भिंती आणि छत पांढरंच ठेवलं.

मला शेड कार्डावरचा सोनचाफ्याचा पिवळा हवा होता. आमचे पेंटरकाका म्हणाले, "वहिनी, कार्डावर एवढासा दिसतो, भिंतीवर अंगावर येतो. एक घर फिका घ्या." त्यांनी आधी दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवून दोन दिवस तसाच ठेवला. सकाळी तो लोण्यासारखा दिसे, चारच्या उन्हात झेंडूसारखा, आणि पांढऱ्या ट्यूबखाली चक्क हिरवट. ट्यूब बदलून पिवळसर प्रकाशाची लावली, मग तो रात्रीही छान दिसू लागला. हे कुठल्याही दुकानदाराने मला सांगितलं नव्हतं.

पिवळा रंग भिंत झाकत नाही, हे मात्र आधीच माहीत असायला हवं. पुट्टी घासून, पांढरा प्रायमर मारून रंगाचे दोन हात, म्हणजे थर, दिले तरी ढगांसारखे ठिपके दिसत होते. काका सांगत होते, पूर्वीचा पिवळा ऑइलपेंट पटकन झाकायचा. त्यात लेड क्रोमेट असायचं, म्हणजे विषारी शिसं. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, केली आहे. नातू भिंतीला हात लावून तोच हात तोंडात घालतो, तेव्हा रंगाच्या तिसऱ्या हाताचा खर्च मला अजिबात जड वाटला नाही.

तक्रार आहे ती रंगाच्या दुकानाबद्दल. एक लिटर पुरेल म्हणाले. तिसऱ्या हाताला तो अर्ध्या भिंतीवर संपला. त्याच कोडचा दुसरा डबा मशीनवर करून आणला, तर मधोमध उभी रेघ, डावीकडे लिंबू आणि उजवीकडे आंबा. दुकानात फोटो दाखवला तर "वाळल्यावर एक होईल" म्हणाले. दोन दिवसांनीही एक झालं नाही. शेवटी काकांनी नव्या डब्याचा आणखी एक हात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न थांबता ओढला, तेव्हा रेघ गेली. त्याची जास्तीची मजुरी त्यांनी घेतली नाही, मीच बळेच दिली. तुम्ही करणार असाल तर दोन्ही डबे एकदम घ्या आणि एका बादलीत ओतून नीट ढवळून मगच रोलर बुडवा.

काम मनापासून आवडलं. दुपारी भिंतीवरचा उजेड छतावर आणि समोरच्या पांढऱ्या कपाटावर पसरतो, दुपारी चारपर्यंत दिवा लागत नाही. पूर्वी पांढऱ्या भिंतीत पांढरा स्विचबोर्ड हरवायचा आणि सासूबाई चाचपडत राहायच्या. परवा मी स्वयंपाकघरात होते, तर त्यांनी स्वतः उठून पंखा लावला.

काका मे महिन्यात बेडरूमसाठी येणार आहेत. तिथे पश्चिमेचं ऊन थेट येतं, म्हणून पिवळा नको, असं ते आत्ताच सांगून गेलेत.