पाहुण्याची ओळख : ॲपवरची खूण की दारातली तपासणी?

जळगावातील आमच्या शेजारच्या मावशी घराचा वरचा मजला अजिंठ्याला जाणाऱ्या पर्यटकांना ॲपद्वारे भाड्याने देणार आहेत. परंतु ‘ओळख पडताळली’ या खुणेवर विसंबावे की दारात स्वतः ओळखपत्र पाहावे, हे त्यांचे ठरत नाही.

श्रम पाहिले, तर ॲप सोयीचे आहे, कारण कागदपत्राची पडताळणी परस्पर होते. भरवशाचे मात्र तसे नाही. ती खूण सहसा बुकिंग करणाऱ्या एकट्याची असते, सोबत्यांची नव्हे. माझ्याकडे गेल्या दिवाळीत रात्री दहा वाजता दारात चौघे उभे राहिले आणि ज्याच्या नावावर बुकिंग होते, तो त्यांत नव्हताच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दारातल्या तपासणीत माणशी दोन-तीन मिनिटे जातात. आधार कार्डाची नुसती झेरॉक्स घेऊन काही साधत नाही. आधार प्राधिकरणाच्या ॲपने त्यावरील क्यूआर कोड स्कॅन केला, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी असलेली माहिती आणि छायाचित्र दिसते, आणि ते समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहता येते. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी तर, ॲपवर कितीही खुणा असल्या, तरी घरमालकाचीच राहते.

मालक परगावी असेल आणि घर स्वतंत्र असेल, तर ॲपची पडताळणी चालवून घेता येईल. मावशींसारख्या त्याच घरात एकट्या राहणाऱ्यांनी मात्र प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र दारातच पाहावे.